पुढचा सूर्यास्त

वाडसो, डिसेंबर, दुपारचे दोन.
खिडकीबाहेर शाईची बाटली उपडी झालेली.
सोन्द्रेनं बर्गनहून पाठवलेलं खोकं
मी माशाच्या तेलाच्या बाटलीशेजारी उघडलंय.
आत साबणाच्या वडीएवढा पांढरा प्लग
आणि अकरा भाषांतला कागद,
त्यातली एकही माझ्या चष्म्याच्या नंबराची नाही.

बुटांच्या खिडकीतला दिवा त्याला जोडायचा, एवढंच.
म्हणजे वाचनालयातून परतताना
अंधारात किल्ली चाचपावी लागणार नाही, म्हणे.
तीस वर्षं चाचपतेय,
कुलपाला नि मला एकमेकांची सवय आहे.
पण नातू हौसेनं पाठवतो, तर नाही कसं म्हणायचं.

फोन विचारतो : घराचं नाव?
आमच्या घराला नाव नाही.
टपालवाला म्हणतो, जाळ्यांशेजारचं पिवळं.
तसंच लिहिलं.
खोलीचं नाव?
यादीत बैठक, स्वयंपाकघर, गॅरेज.
बूट काढायच्या चिंचोळ्या जागेला त्याच्या लेखी नावच नाही.
गॅरेज निवडलं.
आम्हाला गॅरेज नाही, तेव्हा गोंधळ व्हायचा नाही.

मग पासवर्ड.
राउटरखाली चिकटपट्टीवर ओडमुंडचं अक्षर :
एक काढायचा तो सातासारखा,
सात काढायचा तो तोंड फिरवून बसलेल्या एकासारखा.
एकदा त्याच्या यादीवरून मी सात पाव आणले होते.
आठवडाभर खाल्ले आम्ही, शब्द न बोलता.
चार वेळा प्लग तांबडा लुकलुकला.
पाचव्यांदा मी डोळे मिटून त्याचा हात आठवला,
खडू धरल्यासारखं पेन धरायचा,
आणि सगळ्या सातांचे एक केले.

हिरवा.
जोडलं गेलं, म्हणाला फोन.
मी थोडा वेळ तशीच बसले.

दिवा कधी लावायचा?
'सूर्यास्ताला' असा एक पर्याय होता,
शेजारी नारिंगी अर्धगोल, गोड दिसणारा.
दाबला.
फोन शोधत राहिला, गोल गोल फिरत,
आणि शेवटी म्हणाला :
पुढचा सूर्यास्त,
त्यापुढे नुसती आडवी रेघ.

हसले मी, खोकला येईपर्यंत.
बाबा रे, मावळायला आधी उगवावं लागतं.
आमचा गेलाय नोव्हेंबरात,
अर्धा जानेवारी सरला की
फ्योर्डपलीकडून कपाळ दाखवील.
तोवर तुझी रेघ बरोबर आहे.
इतकं खरं उत्तर
मला कुठल्या यंत्रानं दिलं नव्हतं.

मग वेळ हातानं भरली : दुपारी तीन दहा.
आणि सकाळी सहा, सोन्द्रेनं सांगितलं होतं म्हणून.
भिंतीवर तेव्हा तीन वाजून नऊ.
मिनिटभर श्वास धरून बसले.
टक्.
दिवा तिकडे लागला, मी खुर्चीतच,
हात मांडीवर, बिनकामाचे.

पाचच मिनिटांत फोन वाजला,
समोरची राग्नफ्रिद :
'दिवा लागला, आणि खिडकीत तू नव्हतीस.'

ओडमुंड गेल्यापासून नऊ हिवाळे
सकाळी माझा दिवा लागला की ती कॉफी ठेवते,
तिचा लागला की मी.
यावर आम्ही कधी बोललो नव्हतो,
असलं काही बोलायचं नसतं.
'उद्या सहाला तो लागेलच,' ती म्हणाली,
'तू असलीस काय, नसलीस काय.'

रस्त्यावरून बर्फ सारणारी गाडी गेली,
तिच्या फोनातूनही गेली, जरा उशिरा.

सकाळचे सहा मी खोडून टाकले.
दुपार त्याला दिली, दुपारचं कुणाला काय.
सोन्द्रेला कळवलं : चालू आहे, मस्त आहे.

प्लगच्या कडेला बारीक बटण आहे,
वाकावं लागतं, गुडघा कुरकुरतो.
लोकरी मोजे, गार फरशी,
अंगठ्यानं दाबते.
पलीकडे काही क्षण काहीच नाही.
अजून काहीच नाही.

मग तिचा.